रात्रभर तरंगणारा भुसा

दार रात्रभर बंद होते. आत कोणी गेले नव्हते. खिडकीतून काही आले म्हणावे, तर चंद्रावर खिडकी उघडतच नाही. तरीही सकाळी आजोबांनी कार्यशाळेतल्या टेबलावर बोट फिरवले, तेव्हा बोटामागे स्वच्छ रेघ उमटली. टेबलभर पिठासारखा बारीक भुसा बसला होता.

"काल निजण्याआधी मी हे टेबल दोनदा पुसलं," आजोबा म्हणाले. "तू पाहिलंस ना, शाल्मली?"

दहा वर्षांच्या शाल्मलीने पाहिले होते. शाळा सुटली की ती इथेच येऊन बसे. चंद्राच्या जमिनीखाली वसलेल्या कोजागरी वसाहतीत तिचे आजोबा, तन्मय मेस्त्री, हे एकटेच सुतार होते. हरितगृहात (काचेखाली झाडे वाढवण्याच्या जागेत) सुबाभळी वाढत आणि त्यांचे लाकूड आजोबांकडे येई. घराच्या मागच्या खोलीत त्यांनी कार्यशाळा थाटली होती. तिच्या छतात जाड काचेचा एक गोल होता. त्यातून निळी पृथ्वी दिसे, कायम एकाच जागी, कोणी टांगून ठेवल्यासारखी. चंद्रावरचा लांबलचक दिवस सुरू झाला की त्याच गोलातून उन्हाचा तिरपा खांब खोलीत उतरे. त्या खांबात भुशाचे कण इतके सावकाश फिरत, की जणू त्यांना कुठेच जायचे नव्हते. बघता बघता शाल्मलीचे डोळे जड होत.

आजोबा मात्र शिस्तीचे. भिंतीवर त्यांनी प्रत्येक हत्याराची आकृती रंगवली होती. रंध्याच्या आकृतीवर रंधा, पटाशीच्या आकृतीवर पटाशी. काम संपले की प्रत्येक हत्यार आपापल्या आकृतीवर परत जाई. दिवसातून चार वेळा ते झाडू मारत. सध्या ते शाळेसाठी पाच बाके करत होते, कारण मुले अजून सामानाच्या खोक्यांवर बसत.

त्याच सकाळी झुळूक आली. झुळूक म्हणजे नारळाएवढी गोल, तीन चाकांची यंत्रसेविका. घरोघरी जाऊन हवा हुंगणे हे तिचे काम. ती खोलीभर फिरली आणि हळू आवाजात म्हणाली, "मेस्त्री, सांगायला वाईट वाटतं. आपल्या कार्यशाळेच्या हवेत बारीक धूळ फार आहे. इथली हवा सगळ्या वसाहतीत फिरते, आणि ही धूळ माणसांच्या छातीत खोल जाऊन बसते. सात दिवसांत ती कमी झाली नाही, तर कार्यशाळा बंद करावी लागेल."

आजोबांनी झाडू उचलला, पुन्हा खाली ठेवला.

"पन्नास वर्षं काम केलं," ते शाल्मलीला म्हणाले. "पुष्कळांनी पुष्कळ नावं ठेवली. पण माझी जागा घाण आहे, असं कोणी म्हटलं नव्हतं, बाय."

शाल्मलीला त्यांच्याकडे बघवेना. तिने झुळुकीला विचारले, "बंद खोलीत नवा भुसा येतो कुठून?"

"नवा येत नाही," झुळूक म्हणाली. "तो कालचाच असतो."

एवढे सांगून ती पुढच्या घरी गेली. शाल्मलीच्या डोक्यात मात्र ते वाक्य घोळत राहिले. संध्याकाळी काम थांबल्यावर तिने तीन काळ्या थाळ्या टेबलावर मांडल्या. पहिली तिने तासाभराने झाकली, दुसरी जेवणानंतर, आणि तिसरी तशीच उघडी ठेवली. सकाळी पाहिले, तर पहिल्या थाळीत जाडसर भुसा होता, दुसरीत त्यावर बारीक थर, आणि तिसरीत त्याही वर सर्वांत बारीक, सायीसारखा मऊ थर.

"म्हणजे रात्रभर तो पडतच होता," ती म्हणाली.

आजोबांनी दिवा तिरपा धरला. नुसत्या डोळ्यांना मोकळी दिसणारी हवा त्या झोतात कणांनी भरून गेली. मग त्यांनी झाडूचा एकच फटकारा मारला. जमिनीवरचा भुसा ढगासारखा उठला आणि खाली यायचे नावच घेईना.

"गावी असताना झाडलं की घटकाभरात सगळं खाली बसायचं," आजोबा पुटपुटले.

शाल्मलीला शाळेत शिकलेले आठवले. चंद्राचे गुरुत्वाकर्षण (वस्तूंना आपल्याकडे ओढण्याची शक्ती) पृथ्वीच्या एक षष्ठांश. बारीक कणाला खाली ओढणारा जोरच कमी, आणि वाटेत हवा त्याला अडवते. पृथ्वीवर जो कण तासाभरात खाली येईल, त्याला इथे सहा तास लागतात. आजोबा दिवसातून चार वेळा झाडत होते, म्हणजे दिवसातून चार वेळा तो पुन्हा वर उडवत होते.

ऐकून आजोबा टेबलाच्या कडेला टेकले. "मग माझं झाडणंच वाईट म्हणायचं."

"झाडणं वाईट नाही, आजोबा. ते पृथ्वीवरचं आहे."

त्यावर ते थोडेसे हसले.

दुपारी शाल्मली चक्रघरात गेली. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून वसाहतीतल्या प्रत्येकाला रोज तासभर या गोल, गरगर फिरणाऱ्या खोलीत बसावे लागे. खोलीने वेग घेतला. शाल्मलीची पाठ भिंतीला दाबली गेली, हात जड झाले. तिच्या शरीराला सरळ पुढे जायचे होते, आणि भिंत तिला सारखी वळवत होती. यालाच जडत्व म्हणतात (चालत्या वस्तूचा सरळ चालत राहण्याचा हट्ट), हे तिला ठाऊक होते. डोळे मिटून तिला वाटले, आपण भुशाचा एक कण आहोत. हवेबरोबर वळायला बघतो आहोत, आणि वळता येत नाही.

तिने डोळे उघडले. तास संपेपर्यंत तिला धीर धरवेना.

"सगळी खोली फिरवायची नाही," ती धापा टाकत आजोबांना सांगू लागली. "नुसती हवा फिरवायची. भुशासकट."

पुढचे चार दिवस दोघे त्यातच होते. आजोबांनी जुन्या पत्र्याचे, कमरेइतके उंच नरसाळे केले, वर रुंद आणि खाली निमुळते. वरच्या बाजूला कडेने एक नळी बसवली, म्हणजे पंख्याने आत खेचलेली हवा भिंतीला धरून गरगर फिरेल. हवा वळते, पण कणांना जडत्वामुळे तितक्या चटकन वळता येत नाही. ते भिंतीवर आपटतात, आणि खाली उतरणारी हवा त्यांना भिंतीलगत ढकलत तळाच्या डब्यात नेते. उरलेली हवा मधल्या नळीतून वर निघून जाते. या यंत्राला त्यांनी भोवराभांडे म्हटले. त्या भोवऱ्यात कणाला पृथ्वीवरच्यापेक्षाही कितीतरी जास्त जोर बाहेर लोटत होता.

पहिल्या दिवशी ते नीट चालले नाही. जाड भुसा डब्यात पडला, पण अगदी बारीक पीठ मधल्या नळीतून निसटले आणि आजोबांच्या मिशा पांढऱ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी नळीच्या तोंडावर दाट विणीच्या कापडाची पिशवी बांधली.

मग आजोबांनी सगळी खोलीच नव्याने लावली. घासायचे काम एकाच कोपऱ्यात, भोवराभांड्याच्या नळीला चिकटून, म्हणजे भुसा जिथे निघतो तिथेच पकडला जाईल. धूळ बसायला जागाच नको म्हणून उघड्या फळ्यांना दारे लावली. भिंतीवरच्या आकृती कपाटाच्या आतल्या बाजूला नव्याने रंगवल्या. झाडू गेला आणि त्याच्या जागी ओले फडके आले.

सातव्या दिवशी झुळूक आली. ती हुंगत हुंगत कोपऱ्यात गेली, टेबलाखाली गेली, पुन्हा दाराशी आली.

"पुन्हा एकदा बघते," म्हणून तिने सगळी खोली परत फिरून पाहिली. आजोबा हाताची घडी घालून उभे होते, पण बोटे दंडांवर घट्ट रुतली होती.

"मेस्त्री," ती म्हणाली, "वाचनालयापेक्षा आपली हवा चांगली आहे. नोटीस मी रद्द करते. एक विचारू? या डब्यातल्या भुशाचं आपण काय करणार?"

आजोबांनी शाल्मलीकडे पाहिले. त्याचा विचार दोघांनीही केला नव्हता.

झुळूक त्यांना हरितगृहात घेऊन गेली. तिथे चंद्राची राखाडी माती ढीग करून ठेवलेली होती. तिच्यात गवताचे पान नव्हते, किडा नव्हता, कसला वासही नव्हता. इतकी वर्षे भुसा हवेत विखरून वाया जात होता; तो कुजवून या मातीत मिसळला, तर तिच्यात पाणी धरून ठेवण्याची ताकद येणार होती. शाल्मलीने डबा खताच्या खड्ड्यात रिकामा केला. आजोबांनी त्यावर भाजीचा पाला पसरला आणि पाणी शिंपडले.

तीन आठवड्यांनी, शाळेत पाचही बाके पोचल्यावर, दोघे पुन्हा तिथे गेले. शाल्मलीने खड्ड्यात मनगटापर्यंत हात घातला.

"आजोबा, हे गरम आहे," ती हळूच म्हणाली.

"जिवंत झालंय ते," आजोबा म्हणाले. त्यांनीही बाही सारून हात आत घातला, आणि बराच वेळ दोघांपैकी कोणीच तो बाहेर काढला नाही.