वाफेची वाट

लोणावळ्यात वळवणच्या रस्त्याला अंबाजी वायरमनचं घर होतं. दोन खोल्या, मागं न्हाणी, दगडी भिंती आणि वर मंगलोरी कौलं. गाड्या विजेवर धावायला लागल्या तेव्हा त्याला रेल्वेत काम मिळालं, आणि पुढं हे घर झालं. पण पावसाळ्यात भिंतींना चढलेली ओल दिवाळी झाली तरी हटत नसे. त्याच ओलीत खोकून दोन मुलं गेली. आता बायको, मुक्ता, खोकायला लागली होती.

डॉक्टर म्हणाले, "औषध देतो. पण आधी घर कोरडं करा."

सगळ्यात वाईट न्हाणी. बंबातलं कढत पाणी घंगाळात ओतलं की वाफ कोंडायची आणि भिंतींवरून ओघळायची. अंबाजीनं एका बंगल्यातून काढलेला विजेचा पंखा मिळवला आणि न्हाणीच्या छताला बसवला. वाफ वर माळ्यावर जायला लागली. थोड्याच दिवसांत वासे काळे पडले, आणि माळ्यावरून थेंब गळायला लागले ते मुक्ताच्या अंथरुणावर.

"वाफ घरातच फिरती," ती म्हणाली. "तिला भायेर काढा की."

मग त्यानं मागची भिंत फोडली. पंख्यापासून पत्र्याचं नळकांडं माळ्यावरून नेऊन त्या भोकातून बाहेर काढलं. आत जमलेलं पाणी बाहेर गळावं म्हणून त्याला बाहेरच्या अंगाला उतार दिला. सांधे सफेद्यानं बुजवले, पाखरं शिरू नयेत म्हणून तोंडाला जाळी बसवली.

खटका दाबला. पंखा घुमला आणि न्हाणीतली वाफ बघता बघता वर ओढली गेली.

"झाली की वो कोरडी!" मुक्ता आतून ओरडली.

अंबाजी परसात गेला आणि जाळीपुढं हात धरला. हाताला वारा लागला नाही.

सांधा सुटला असेल म्हणून तो माळ्यावर चढला. सगळे सांधे घट्ट होते. त्यानं पंख्याखाली ऊद पेटवून ठेवला. धूर सरळ वर गेला. परसात काहीच आलं नाही. जाळी काढून त्यानं नळकांड्यात हात घातला. पत्रा गार आणि कोरडा होता. धूर जात होता. येत कुठंच नव्हता.

त्यानं हे कुणाला सांगितलं नाही. कारण घर सुकत होतं, आणि मुक्ताचा खोकला थांबला होता. दोन मुलं पुरलेल्या माणसाला एवढं पुरे होतं.

मुक्ता अंघोळ करताना ओव्या गुणगुणायची. एक दिवस त्याच्या ध्यानात आलं की आतून फक्त पाण्याचा आवाज येतो. मग न्हाऊन आलेल्या तिच्या केसांना शिकेकाईचा वास येईना. मग तिचं बोलणं लांबून आल्यासारखं वाटायला लागलं.

"जरा मोठ्यानं बोल गं."

"बोलती की," ती म्हणाली. पलीकडच्या खोलीतून यावं तसं.

अंबाजीनं पंखा उतरवला आणि नळकांड्याच्या बाहेरच्या तोंडात गोणपाट कोंबलं. भिंती पुन्हा ओलावल्या. माळा पुन्हा गळायला लागला. खोकला मात्र परत आला नाही.

"मुक्ता, एकदा खोक," तो तिच्यापुढं बसून म्हणाला. "माझ्यासाठी एकदा."

तिनं छातीवर हात ठेवला. खांदे हलले. आवाज झाला नाही.

थंडी पडली. सकाळी दोघं बंबाशी उभे होते. अंबाजीच्या तोंडातून वाफ निघत होती. तिच्या निघत नव्हती. त्यानं दाढीचा आरसा आणून तिच्या ओठांपुढं धरला.

आरसा स्वच्छ राहिला.

ती हसली. तिचा हात त्याच्या हातात होता, उबदार.

त्यानं नळकांडं उपसलं आणि उन्हात आणून ठेवलं. आत ना पाण्याचा डाग, ना धुराची काजळी. एका तोंडाशी तिला कान लावून बसवलं आणि दुसऱ्या तोंडातून तिचं नाव घेऊन तो ओरडला, गळा फाटेपर्यंत.

तिनं नकारार्थी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी तो तिला घेऊन निघाला. कामशेतला गाडीतून उतरून दोघं बेडशाला चालत गेले, तिच्या माहेरी. आईनं ओळखीची हाक मारली तर काही होईल, एवढीच आता त्याला आशा होती.

तिची आई, रतनबाई, अंगणात भात वाळत घालत होती. तिनं मान वर केली. तोंडभर हसली.

"या जावईबापू. एकलंच आलात व्हय? मुक्तीला न्हाई आनलं?"

अंबाजीनं शेजारी पाहिलं. मुक्ता डोक्यावर पदर घेऊन त्याला खेटून उभी होती. आईचं बोलणं तिनं नीट ऐकलं.

मग ती मागं वळली, डोळ्यांवर हात आडवा धरला आणि कोण यायचं राहिलंय म्हणून वाटेकडं बघायला लागली.