तिसऱ्यांदा विचारण्याचा परवाना

गडहिंग्लजच्या जुन्या मंगल कार्यालयात भर दुपारी पंगत बसल्यासारखी गडबड होती. फक्त पातेल्यांत काही नव्हतं, वाट्यांत काही नव्हतं आणि जेवायला कुणी बसलेलं नव्हतं. ओळीनं उभ्या असलेल्या बायका रिकाम्या पळ्या रिकाम्या वाट्यांवर धरून बोलत होत्या. "घ्या की हो. एवढंसं तर आहे."

त्यांच्या हातांत स्पर्शमोजे होते, कांद्याच्या पापुद्र्याइतके पातळ. इथं मनगट वळलं की परदेशातल्या एखाद्या वृद्धाश्रमात, टेबलाला जोडलेले यांत्रिक हात वळत. तिथल्या पळीचं वजन आणि वाफेची ऊब इथल्या बोटांना कळे. कानातला दुभाषा दोन्हीकडचं बोलणं तत्काळ पोचवी.

त्या आश्रमांत यंत्रं आधीही वाढत होती, पण म्हातारी माणसं जेवत नव्हती. मग कुणीतरी ते यांत्रिक हात लग्नातल्या वाढप्यांच्या ताब्यात देऊन पाहिले आणि वाट्या रिकाम्या होऊ लागल्या. गडहिंग्लजचा आग्रह निर्यात होऊ लागला. सेवा परदेशी जाई, आणि ती करणाऱ्या बायका संध्याकाळी आपापल्या घरी असत.

एकदा

"नको," वेइक्को म्हणाला.

रेवती मगदूमनं पळी मागं घेतली. घ्यावीच लागे.

वेइक्को फिनलंडचा, ऐंशीच्या पुढचा. गोठलेल्या तळ्यावरून गाडी जाईल का, हे बर्फ ठोकून सांगण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. बायको गेल्यापासून तो टेबलाशी येऊन बसे, नको म्हणे आणि उठे. आता उठतानाही त्याला टेबल धरावं लागत होतं. असंच चाललं तर हिवाळा निघणार नाही, असं तिथल्या डॉक्टरनं सांगून टाकलं होतं.

करारातलं कलम

ग्राहकाचा पहिला नकार अंतिम मानला जाईल. नकारानंतर वाढल्यास हात बंद केले जातील व परवाना स्थगित होईल.

दोनदा

"शिंत्रेसाहेब, हे कलम कुणी लिहिलं ओ?"

"तिकडच्यांनी. आणि बरोबर लिहिलंय, रेवतीताई. त्यांच्यात नाही म्हणजे नाही."

"तुमच्या लग्नात जिलबीला कितीदा नको म्हणालात?"

"म्हणालो असेन दोन-तीनदा."

"आणि खाल्ल्या किती?"

पर्यवेक्षक शिंत्रे हसले. "ते बायकोसमोर विचारू नका." मग आवाज उतरवून म्हणाले, "हे बघा, पाहुण्याचं नको वेगळं. वेइक्को खरंच नको म्हणत असेल तर?"



दुसऱ्या दिवशी बटाटे घातलेलं सॅमन माशाचं सूप होतं. वेइक्को नको म्हणाला. पळी हलली नाही. वाफ रेवतीच्या बोटांना लागत राहिली.

"आजोबा, अर्धी पळी. माझ्यासाठी."

"नको."

"मी इतक्या लांबून हात पाठवलाय. तसाच परत नेऊ?"

वेइक्कोनं एक बोट पळीला लावलं. दूर सारायला लावलं असावं, पण मोज्याला जोर जाणवला नाही. बोट नुसतंच टेकलं होतं, थंडगार, आणि ते तो काढून घेत नव्हता. रेवतीनं पळी हळूच कलती केली. अर्धी. त्यानं चमचा उचलला, एक घोट घेतला, दुसरा घेतला, मग वाटी स्वतःच पुढं सरकवली आणि ती उरलेली अर्धी वाढणार एवढ्यात तिच्या बोटांतून वाफ, वजन, सगळं

मधेच

बंद.

चौकशी पडद्यावर झाली. तक्रार वेइक्कोची मुलगी किर्सी हिची होती. ती रागावलेली दिसत नव्हती. दमलेली दिसत होती.

"ते जेवले याचा मला आनंदच आहे," ती म्हणाली. "पण त्यांच्याकडं आता फार थोडं उरलंय. नाही म्हणण्याचा हक्क त्यातला एक. तोही तुम्ही काढून घ्यायचा?"

रेवतीला हे पटलं. म्हणूनच तिला बोलणं जड गेलं.

"ताई, आमच्याकडं पुन्हा विचारतात. नाही विचारलं तर माणसाला वाटतं, आपण उठून गेलो तरी कुणाचं काही अडत नाही."

दुभाष्यानं ते पोचवलं. किर्सीनं खाली पाहिलं.

मग तिच्या शेजारी बसलेला वेइक्को बोलला. "मी खरंच नको म्हणालो होतो."

शिंत्र्यांनी डोळे मिटून घेतले.

"दोन्ही वेळा खरंच. आणि सूप प्यालो, तेही खरंच." त्यानं श्वास घेतला. "बर्फाला मी एकदाच कधी ठोकलं नाही. तिला विचारू द्या."

"कितीदा, बाबा?" किर्सीनं विचारलं.

"तीनदा. त्यानंतर माझं ऐकायचं."

कलम बदललं. ज्या ग्राहकाची तशी इच्छा असेल, त्याला तीनदा विचारता येईल. रेवतीचे हात पुन्हा सुरू झाले.

तिसऱ्यांदा

वेइक्को बहुतेक दिवस जेवू लागला. कधी दुसऱ्या विचारण्याला, कधी तिसऱ्या. किर्सी आता जेवणाच्या वेळी फोन करू लागली आणि रेवती फिनलंडच्या सुपात मीठ कमी असतं यावर तिच्याशी वाद घालू लागली.

मग एका दुपारी तो वाटीकडं न बघता खिडकीकडं बघत बसला.

"नको."

"थोडंसं, आजोबा."

"नको."

"किर्सीताईंना काय सांगू मी?"

"नको, रेवती."

त्यानं पहिल्यांदाच तिचं नाव घेतलं होतं. पळी वाटीवरच होती. तिच्यातलं सूप रेवतीच्या मनगटाला जड लागत होतं. हात चालू होते. बोटभर कलती केली असती तर सूप वाटीत पडलं असतं, आणि कदाचित त्यानं चमचाही उचलला असता. शेजारी शिंत्रे येऊन उभे राहिले होते.

रेवतीनं पळी मागं घेतली आणि पातेल्यात ठेवली.

वेइक्को टेबल धरून उठला. दोन पावलं गेला, थांबला आणि त्या यांत्रिक हातांकडं वळून म्हणाला,

"उद्या विचारशील ना?"