ह्यात कोन किती?

"माझी पेटी चोरीला गेली," भागिरथी कोल्हे खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाल्या, "आणि उद्या पुण्याहून माझे मार्गदर्शक येताहेत. पेटी नसेल तर माझं एम.एड. बुडालं म्हणून समजा!"

कानिफनाथ घुले, नगरातला एकुलता एक खाजगी डिटेक्टिव्ह, याने शांतपणे चहा मागवला. कोपऱ्यातला भाऊसाहेब लांडे मात्र मनातल्या मनात चरफडला. घुलेचा मित्र म्हणजे घुलेला राजदूत फटफटीवर बसवून गावोगाव हिंडवणारा हक्काचा गडी! बाहेर दुष्काळाचं ऊन मी म्हणत होतं, आणि बाईंचं काम चालू होतं ती शाळा शेवगावच्याही पलीकडे.

"पेटीत काय होतं?" घुलेने विचारलं.

"लाकडी ठोकळे. माझा विषय शैक्षणिक मानसशास्त्र. खेड्यातल्या मुलांची बुद्धी मोजायची चाचणी आहे ती. उद्या सरांसमोर ती घेऊन दाखवायची होती. नोकरीतून बिनपगारी रजा घेतली, घरच्यांची बोलणी खाल्ली. पुन्हा रजा मिळणार नाही हो!"

वाटेत राजदूत पंक्चर झाली. व्हायचीच. भाऊसाहेब शाळेत पोचला तेव्हा त्याच्या अंगाची लाही झाली होती.

मुख्याध्यापक आप्पासाहेबांच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. घुलेने रीत म्हणून कडी वाजवली. आप्पासाहेबांनी थेट त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "कोण?"

"सर, दिसतोय की आम्ही," घुले हसला.

"सवय हो. जन्म गेला या खुर्चीत. या, बसा."

आप्पासाहेबांची भाषा अगदी पुस्तकी, शब्द न् शब्द तासलेला. त्यांनी माहिती दिली. काल दुपारी बाई शेवगावला गेल्या होत्या, तेव्हा पेटी गेली. सामानाच्या खोलीचं कुलूप शाबूत. किल्ल्या दोन, एक बाईंकडे आणि एक इथल्या खिळ्यावर. खिळ्यावरची कोणीही उचलावी.

मग बन्सी शिपाई आला.

"झाडू आनाया सामानाच्या खोलीकडं गेल्तो साहेब. दार आतनं लावल्यालं. म्या थाप मारली, तवा आतनं 'कोन?' म्हनलं. म्या म्हनलो, मी बन्सी. मग सगळं गप. वाटलं बाईच हाईत, आलो म्हागारी."

"आवाज बाईचा का बुवाचा?"

"शेजारी पिठाची गिरनी धडधडत हुती. न्हाई कळलं."

"नीट ऐका," आप्पासाहेब पुढे झुकले. "'कोन'. शिकलेला माणूस 'कोण' म्हणेल. हे गावातल्याच कोणाचं तरी काम. आणि परवाच केशरबाईने इथे येऊन थयथयाट केला होता. बाईंनी तिच्या मुलाला मंद ठरवलं म्हणून."

भाऊसाहेबाने मांडीवर थाप मारली. सुटलं प्रकरण! अंधार पडायच्या आत नगर गाठता येईल, या विचाराने त्याला जरा बरं वाटलं.

केशरबाई दुष्काळी कामावर खडी फोडत होती. पेटीचं नाव काढताच तिने हातोडी खाली टाकली.

"मलाच जाळायची हुती ती! पन घावली न्हाई. माझं पोरगं हिशोबाला लई तल्लख. बाईंनी तेला लाकडाचा तुकडा दिला अन् इचारलं, ह्यात कोन किती? पोरानं उलटापालटा करून बघितला अन् म्हनलं, ह्यात कोनीबी न्हाई. खरं तेच बोललं की! तर म्हनं मंद!"

घुले खो खो हसला आणि एकदम गप्प झाला.

"काल दुपारी कुठं होतात?"

"हितंच. काम टाकून जाईन कशी? मुकादम हजेरी कापतोय."

मुकादमाने मान डोलावली. भाऊसाहेबाचा चेहराच उतरला. तरी परत फिरताना तो हट्टाने म्हणाला, "पण ऐकलंस ना? 'कोन' म्हणते ही!"

"ऐकलं. तूच नीट ऐकलं नाहीस."

हे असलं बोलणं भाऊसाहेबाला मुळीच खपत नसे.

काम सुटल्यावर घुलेने एस.टी.ने पोचलेल्या बाईंसकट सगळ्यांना मुख्याध्यापकांच्या खोलीत बोलावलं. केशरबाईही पदराने तोंड पुसत दाराशी येऊन बसली.

"बन्सी," घुले म्हणाला, "मी आता बोलतो ते ऐक. कोण? काय म्हणालो मी?"

"तुमी म्हनला, 'कोन?'"

भाऊसाहेबाने कपाळाला हात लावला.

"म्हणजे आतला माणूस 'कोण' म्हणाला असला तरी बन्सी 'कोन'च सांगणार. तेव्हा तो गावातला, हे काही त्यातून ठरत नाही. बरं, बन्सीच चोर असता तर त्याने कोणाचं तरी नाव घेतलं असतं, असा अर्धामुर्धा आवाज सांगितला नसता. केशरबाई खडीवर होत्या. आता सांगा, दारावर थाप पडली तर चोर काय करतो? श्वास रोखून बसतो. उलट 'कोण?' म्हणून विचारतो का कधी? तसं विचारतो तो, ज्याला दार वाजलं की विचारायची जन्माची सवय आहे. समोरचा माणूस दिसत असला तरीही."

सगळ्यांच्या माना आप्पासाहेबांकडे वळल्या. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पोरांना वाटायच्या सुकडीच्या पोत्यांमागे आहे पेटी," ते म्हणाले. "चाचणी होऊच नये असं वाटलं. माझी निम्मी शाळा मंद म्हणून छापून येणार होती, बाई! मी शिकवलेली पोरं आहेत ती."

"म्हणून माझं वर्ष बुडवायचं?" भागिरथीबाई ओरडल्या. "माझे आकडे खोटे नाहीत!"

"खोटे नाहीत," घुले हळूच म्हणाला. "पण ते बुद्धीचेही नाहीत. 'कोन किती' म्हणजे 'कोण किती', असंच ऐकलं पोरांनी. लाकडाच्या तुकड्यात कोण बसणार? कोणी नाही, म्हणाली बिचारी. तुम्ही शून्य दिलंत."

बन्सीने पेटी आणून ठेवली. बाईंनी त्रिकोणाचा तुकडा उचलला आणि केशरबाईसमोर धरला.

"ह्याला टोकं किती?"

"तीन. आंधळ्यालाबी कळंल."

बाई ढसाढसा रडू लागल्या. "रजा संपली, आणि केलेलं सगळं मातीत! उद्या मी सरांना दाखवू तरी काय?"

 

"माझं पोरगं दाखवा की," केशरबाई म्हणाली. "आधी तेला तुमच्या बोलीत इचारा, मग आमच्या. सायबाला बसू दे ऐकत."

भागिरथीबाईंनी डोळे पुसले.

"उद्या त्याला खडीवर नेऊ नका," त्या म्हणाल्या. "शाळेत पाठवा."