रिकाम्या खोलीची चार मिनिटं

आमच्या भयपटात भूत नव्हतं. ही गोष्ट निर्मात्याच्या लक्षात आली तेव्हा चित्रीकरणाचे दोनच दिवस उरले होते. त्याने कपाळाला हात लावला. "मग लोक घाबरणार कशाला?" त्याने विचारलं. "दाराला," दिग्दर्शिका म्हणाली आणि चहा प्यायला गेली.

कथा चार ओळींची होती. एक बाई भाड्याच्या घरात एकटी राहायला येते. तिथल्या एका खोलीचं दार उघडत नाही. शेवटाकडे ती खुर्ची ओढून त्या दारासमोर बसते, चार मिनिटं बसून राहते, मग उठून दिवा लावते आणि चित्रपट संपतो. मी तीस वर्षं ध्वनिमुद्रक आहे. करकरणारी दारं, कुत्र्यांचं रडणं, जिन्यावरची पावलं असा सगळा माल माझ्या कपाटात तयार असतो. पण त्या दिग्दर्शिका पोरीने त्यातलं काही म्हणजे काही वापरू दिलं नाही. तिला फक्त त्या खोलीची शांतता हवी होती.

शांतता म्हणजे आवाज नसणं, असं लोकांना वाटतं. तसं नसतं. प्रत्येक खोलीची शांतता निराळी असते आणि ती दुसऱ्या खोलीला लावली तर जाणकाराला लगेच खटकते. म्हणून चित्रीकरण संपलं की सगळ्यांना पुतळ्यासारखं उभं करायचं आणि त्या जागेची शांतता मुद्रित करून घ्यायची, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. मी तो आयुष्यात एकदाच विसरलो. शेवटच्या दिवशी दुपारी दवाखान्यातून फोन आला, मी यंत्र तसंच पेटीत कोंबलं आणि धावलो. बाबा तासाभरापूर्वीच गेले होते.

महिन्याभराने चित्रपटाला आवाज चढवायला बसलो तेव्हा चूक ध्यानात आली. ते भाड्याचं घर तोवर पाडून झालं होतं. आता सांगणार कुणाला? एका दुपारी मी आमच्याच घरातल्या बाबांच्या खोलीत यंत्र लावलं. खिडकी बंद केली, पंखा बंद केला आणि दार ओढून बाहेर उभा राहिलो. खाट, कपाट, भिंतीला टेकलेली छत्री, बाकी आत काही नव्हतं. चार मिनिटं मिळाली. ती मी त्या दारामागे चिकटवून दिली आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही.

खरं सांगायचं तर तेव्हा माझं चित्त चित्रपटात नव्हतंच. आई जेवत नव्हती. नाही असं म्हणायची नाही, पानावर बसायची, दोन घास चिवडायची आणि "झालं माझं" म्हणून उठायची. सहा महिन्यांत तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, दुखणं काही नाही, पण असंच चाललं तर ही बाई हिवाळा काढणार नाही. मी रागावून पाहिलं, हात जोडून पाहिले, बहिणीला बोलावून घेतलं. आईने आम्हा दोघांना पोटभर वाढलं.

चित्रपट लागला. पहिल्या खेळाला एकोणीस माणसं होती आणि त्यातली सहा आमचीच. निर्मात्याने दुसऱ्या दिवसापासून फोन उचलणं बंद केलं. आणि मग, कुणी काही न करता, दुसऱ्या आठवड्यात दुपारचे खेळ भरायला लागले. तिसऱ्या आठवड्यात रांग कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत गेली. निर्माता सांगत सुटला की ही त्याच्या पोस्टरची कमाल. एका मानसतज्ज्ञाने वर्तमानपत्रात अर्धं पान लिहिलं. "जे दाखवलं नाही ते माणूस स्वतःच्या घरून आणतो," असं दिग्दर्शिकेने मुलाखतीत सांगितलं. अशी वाक्यं तिला बरी सुचतात.

मला पटेना. मी चित्रपटगृहात गेलो. तिकीटखिडकीवरच्या बाई तिथे बावीस वर्षं बसत होत्या आणि माणूस बाहेर पडतानाच्या चालीवरून चित्रपट किती दिवस चालेल ते सांगायच्या.

"काय आहे हो तुमच्या पिक्चरमध्ये?" त्यांनी मलाच विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. खरं तेच सांगितलं.

"लोक चौथ्यांदा येतात. घाबरलेला माणूस असा बाहेर येतो का? हे तर माहेरी जाऊन आल्यासारखे येतात."

"तुम्ही पाहिलात?"

"एकदाच." त्यांनी सुट्टे पैसे सरकवले. "परत बसले तर खिडकीवर कोण बसणार?"

मी आत जाऊन बसलो. पडद्यावरची बाई खुर्ची घेऊन दारासमोर आली आणि माझी चार मिनिटं सुरू झाली. सभागृह गच्च भरलेलं. कुणी खोकलं नाही, कुणाची खुर्ची वाजली नाही. इतकी माणसं इतकी शांत मी कुठल्याही चित्रीकरणात उभी करू शकलेलो नाही. मग एकदम, सगळीकडून, हलक्या आवाजात लोक बोलले. "हो." "पोचले." "घेतल्या गोळ्या." माझ्या शेजारी मांडीवर हेल्मेट घेतलेला एक जाडजूड गृहस्थ होता. तो म्हणाला, "लावल्या गं, दोन्ही कड्या लावल्या." आणि पुन्हा सगळं शांत.

बाहेर आल्यावर मी त्याला गाठलं. तो लाजला. "आमची ही रोज विचारायची, कड्या लावल्या का म्हणून. तीन वर्षं झाली तिला जाऊन." त्याने डोळे पुसले आणि हसला. "आज बरी झोप लागेल. तुम्हाला काय विचारलं?"

"मला? काही नाही."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला माझीच दया आली.

पुढचे दोन दिवस मी यंत्र घेऊन गेलो. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आकड्यांवर आहे. लोक बोलत ते दर खेळाला त्याच क्षणी, तीन मिनिटं दहा सेकंदांनी. माझ्या मूळ मुद्रणात त्या जागी मी शंभर वेळा कान लावला. काही नाही. संगणकाच्या पडद्यावरची आवाजाची रेघ आडवी, सुतासारखी सरळ. चित्रपटगृहात घेतलेल्या मुद्रणात फक्त उत्तरं सापडली, प्रश्न एकही सापडला नाही.

शेवटी मी दिग्दर्शिकेकडे जाऊन चूक कबूल केली. ती चिडेल असं वाटलं होतं.

"कुणाची खोली?" तिने विचारलं.

"बाबांची."

तिने समोरची वही मिटली. मग म्हणाली, "काका, बदलू नका काही." आणि मी दारापर्यंत गेल्यावर, "आईंना दाखवलात का?"

नव्हता दाखवला. धीर झाला नव्हता. तिथे तिला काहीच ऐकू आलं नाही तर? आणि आलं तर? रात्री मला झोप लागेना. सकाळी आईने चहा अर्धा ठेवला तेव्हा मी विषय काढला.

"मला नाही बघायचं भूत," आई म्हणाली.

"भूत नाहीये त्यात."

"मग भयपट कसला?"

"आई, तीस वर्षं मी काय काम करतो ते तू कधी ऐकलं नाहीस. एकदा चल."

ती आली. दुपारच्या खेळाला, ठेवणीतली शाल घेऊन. तिकीटखिडकीवरच्या बाईंनी तिला पाहिलं आणि कडेच्या दोन खुर्च्या दिल्या. पहिला तासभर आई कंटाळली. "ही बाई घर का नाही बदलत?" तिने मला दोनदा विचारलं.

मग ती बाई खुर्ची घेऊन दारासमोर बसली.

मी पडद्याकडे पाहत नव्हतो. घड्याळाकडे पाहत होतो.

तीन मिनिटं.

आईने शाल सावरली आणि मान थोडी डावीकडे वळवली. घरात ती जेवणाच्या टेबलाशी बसली की बाबांची खोली डावीकडे येते.

"जेवले हो," आई म्हणाली.

एवढंच. मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. मी माझे दोन्ही कान त्या क्षणी ओवाळून टाकले असते.

बाहेर उन्हात आल्यावर तिने माझा दंड धरला. चेहरा शरमलेला, शाळेत पकडलेल्या मुलीसारखा.

"चल लवकर घरी."

"का गं? काय झालं?"

"अरे, त्यांना खोटं सांगितलं मी. आता जेवायला नको का?"

मी रडलो. रस्त्यात, भर दुपारी, माणसं बघत असताना. आईने मला शालीचं टोक दिलं आणि कुणी ओळखीचं नाही ना ते पाहिलं.

घरी पोचताच तिने स्वतः भाजी चिरली. पानावर बसली आणि जेवली. मी समोर बसून घास मोजत होतो, ते तिला आवडलं नाही. "तू काय माझ्या तोंडाकडे बघतोस? घे वाढून." मला घास उतरला नसता. नंतर जेवतो म्हणालो आणि उठलो.

बाबांच्या खोलीत जाऊन मी दार लावून घेतलं, खाटेवर बसलो आणि कानांवर हेडफोन चढवले. मूळ मुद्रण सुरू केलं. मलाही हवं होतं. माझाही बाप होता तो.

एक मिनिट. दोन. रेघ आडवीच.

तीन मिनिटं. मी श्वास रोखून धरला.

तीन मिनिटं दहा सेकंद. काही नाही.

मी हेडफोन काढले. पलीकडे स्वयंपाकघरात आई भांडी घासत होती. नळ मध्येच थांबला आणि ती, अगदी सहज, माझी बाजू सावरून घेत म्हणाली,

"हो, तोही जेवला."