शेवटच्या थप्पीची ऊब

मी धान्य तपासायची नोकरी करायचे, तेव्हाची गोष्ट. काम साधं. गोदामात जायचं, पोकळ सळई पोत्यात खुपसून मूठभर दाणे काढायचे, बुरशी दिसली की माल बाद करायचा. घरी वाट बघणारं कुणी नव्हतं, म्हणून लांबची गोदामं माझ्याच वाट्याला यायची.

त्या गोदामाचे राखणदार काका एकटेच राहत. बायको जाऊन चार वर्षं झाली होती. ती गेली तीही इथेच, सांडलेलं धान्य झाडता झाडता. दुपारी त्यांनी मला सगळ्या थप्प्या दाखवल्या, शेवटची सोडून. मीच तिकडे वळले. कुबट, गोडसर वास आला. सळई बाहेर काढली तर गरम. दाणे हिरवट पडून एकमेकांना चिकटलेले. यात नवल नव्हतं. बुरशी धरलेला गहू आतून तापतोच.

मी पोत्यावर तळहात ठेवला आणि उचलायचं विसरले. ताप उतरत आलेल्या माणसाच्या पाठीसारखी ऊब होती ती. किती वर्षांनी कुणाच्या अंगाला हात लागला, असं वाटलं... आणि मग आतून ती ऊब हळूच माझ्या हाताकडे सरकली.

मी हात ओढून घेतला. काका बघत होते.

"म्हणजे तुम्हालाही कळलं..." ते हलक्या आवाजात म्हणाले.

माल जाळावा लागेल, असं मी सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही. "आजचा दिवस राहू द्या, बाई. सांगतो तिला."

नियमाप्रमाणे तेव्हाच कुलूप लावून किल्ली घ्यायला हवी होती. मी ती त्यांच्याकडेच राहू दिली.

सकाळी मी हमाल घेऊन गेले. काका त्या थप्पीला पाठ टेकून बसले होते, मान कलती. कधीच गेले होते. एका रात्रीत बुरशीने त्यांना पायांपासून केसांपर्यंत मढवलं होतं. मऊ, हिरवट-पांढरी. असं होत नाही. जन्म गेला माझा या कामात, असं होत नाही. थप्पी मात्र गार पडली होती.

हमालांनी त्यांना उचललं तेव्हा डावा हात खाली लोंबला. मनगटाभोवती तेवढी कातडी स्वच्छ होती, पाच बारीक बोटांच्या पकडीएवढी.

थप्पीतलं प्रत्येक पोतं मी स्वतः फिरवून पाहिलं. एकाही शिवणीचा टाका उसवलेला नव्हता.