पचायला जड

बंबवाल्याने तिला मागून कवेत धरलं, तेव्हा ती त्याला ओळखतही नव्हती.

झालं असं... अग्निशमन केंद्रासमोरच्या छोट्या खानावळीत ती दुपारची एकटीच बसली होती. पलीकडच्या चष्म्यांच्या दुकानात ती कामाला होती. डोळ्यांचे नंबर तपासायचे, फ्रेमच्या दांड्या वाकवून कानांवर नीट बसवायच्या, हे तिचं काम. गल्लीत सगळे तिला चष्मेवालीच म्हणत. वजन कमी करायचं ऑपरेशन होऊन तिला काही महिने झाले होते. पोटाची पिशवी कापून केळ्याएवढी केलेली. सूप, मऊ अंडं, दही यावर तिचं बरं चाललं होतं. पण त्या दिवशी शेजारच्या टेबलावर गरम ब्रेड आला, त्याचा वास आला आणि तिचा निश्चय डळमळला. एकच तुकडा, असं स्वतःला बजावत तिने तो मागवला, चावला, घाईने गिळला. तुकडा छातीत जाऊन बसला, तो आगंतुक पाहुण्यासारखा. हलायचं नाव नाही.

ती छातीवर हात दाबून उठली. डोळ्यांत पाणी, तोंडात नुसती लाळ. पलीकडच्या टेबलावर एक उंच माणूस गाडी सुटत असल्यासारखा जेवत होता. तो ताट सोडून उडीच मारून आला.

“घाबरू नका, मी आहे!” म्हणत त्याने मागून दोन्ही हात घातले.

पुढच्या क्षणी तिचं कोपर त्याच्या बरगडीत होतं.

“पोटाला... हात... लावू नका!”

ज्या अर्थी ओरडता येतंय त्या अर्थी श्वास चालू आहे, हे त्याच्या लक्षात आलं. त्याने दोन्ही हात वर केले. ती बेसिनकडे धावली. बऱ्याच वेळाने लाल डोळ्यांनी परत आली, तेव्हा तो अजून तिथेच उभा होता.

“माफ करा हं. मला वाटलं, श्वासनलिकेत अडकलं.”

“नाही. दुसऱ्या रस्त्यावर अडकलं होतं.”

“मग... वाहतूक सुरळीत झाली?”

तिला हसायचं नव्हतं, पण हसू आलं. तेवढ्यात समोर भोंगा वाजला आणि तो धावत सुटला. बंबाच्या पायरीवर चढताना मात्र त्याने एकदा वळून पाहिलं.

दुसऱ्या आठवड्यात तो दुकानात आला. वाचायला त्रास होतो म्हणे. तिने खुर्चीत बसवलं, एक डोळा झाकला, मग दुसरा. त्याने शेवटची ओळ वाचलीच, वर तक्त्याच्या कोपऱ्यातलं छापखान्याचं नावही वाचून दाखवलं.

“तुमच्या डोळ्यांना काहीही झालेलं नाही.”

“मग त्या दिवसापासून तुम्ही सोडून बाकी सगळं धुरकट का दिसतंय?”

“तुम्ही आगी विझवता. धूर गेला असेल डोळ्यांत.”

“त्यावर काही इलाज?”

“थंड पाणी मारा,” ती म्हणाली आणि भिंग पुसू लागली. पुसून झालेलं भिंग तिने पुन्हा पुसलं, एवढंच.

मग दोघं एकाच टेबलावर जेवू लागली. तो पाच घासांत ताट संपवणारा, कारण भोंगा कधी वाजेल याचा नेम नाही. ती एक घास चावत बसायची, पार पेज होईपर्यंत. तोंडात घास असताना बोलता येत नाही, म्हणून बोलायचं काम आपोआप त्याच्याकडे आलं. झाडावर अडकलेली मांजरं, लिफ्टमध्ये अडकलेले वरिष्ठ अधिकारी, वडील गेल्यावर आईने एकटीने काढलेली वर्षं... सगळं तिला कळलं. त्याला तिच्याबद्दल फारसं कळलं नाही. “पोटाचं ऑपरेशन झालंय,” एवढं तिने सांगितलं होतं. कसलं, ते नाही. त्यानेही खोदून विचारलं नाही. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, हेही दोघांना कळलं नाही.

“आईने बोलावलंय तुला. रविवारी जेवायला,” एके दिवशी तो म्हणाला.

तिच्या पोटात गोळा आला. आणि सध्या त्या पोटात गोळ्यालाही जागा नव्हती.

त्याची आई बुटकी, चटपटीत आणि वाढण्याच्या बाबतीत हट्टी होती. तिने ताटात चिकनची चांगली मोठी फोड घातली.

“काकू, थोडंच...”

“अगं, थोडंच आहे! हडकुळ्या मुली मला बघवत नाहीत.”

हडकुळी! उभ्या आयुष्यात हा शब्द तिच्या वाट्याला आला नव्हता. त्या शब्दाच्या भरातच तिने घास घेतला. चिकन कोरडं होतं, काकू समोरून टक लावून बघत होत्या आणि चावायला हवं तितकं चावायचा तिला संकोच वाटला. व्हायचं तेच झालं. ती उठली आणि न्हाणीघराकडे पळाली. दाराआडून सगळं बाहेर ऐकू गेलं.

ती परतली तेव्हा काकू कमरेवर हात ठेवून मुलाकडे बघत होत्या. त्या नजरेने कोरडं लाकूड पेटलं असतं.

“खरं सांग पोरी. दिवस गेलेत?”

“आई!” बंबवाला किंचाळला.

चष्मेवालीने टॉवेलला तोंड पुसलं. लपवायला आता काही उरलंच नव्हतं.

“काकू, दिवस नाही, वजन गेलंय माझं.”

मग तिने सांगितलं. जिना चढताना लागणारी धाप, वाढलेली साखर, उपास करून झाले, चालून झालं, शेवटी ऑपरेशन. ब्रेड चालत नाही, कोरडं मांस चालत नाही, गोड खाल्लं की घाम फुटतो आणि छाती धडधडते. जेवताना पाणीसुद्धा चालत नाही. काकूंनी ऐकून घेतलं. ताट उचललं आणि आत गेल्या.

संपलं, तिला वाटलं.

आतून भांड्यांचा आवाज आला. काकू चिकनचं गाळलेलं गरम पाणी वाटीत घेऊन बाहेर आल्या. “आधी सांगायचं ना. मी काय खाटीक आहे, गळा धरायला?” वाटी पुढ्यात आपटत त्या म्हणाल्या. मग जरा खालच्या आवाजात, “इतकी वर्षं लोकांना वाढतेय... खाल्लं की नाही तेवढंच बघितलं. कुणाला त्रास होत असेल, हे डोक्यात आलं नाही.”

बंबवाला तिला बस थांब्यावर सोडायला निघाला. ओल्या रस्त्यावर दोघांच्या पावलांचा आवाज, बस्स. पावसाची भुरभुर लागली होती.

“बोल ना काहीतरी,” ती म्हणाली.

“मला का नाही सांगितलंस?”

“लाज वाटली.”

“ऑपरेशनची?”

“नाही... आधीच्या माझी.” ती थांबली. “आणि मग तिची लाज वाटते याची लाज वाटली. काय वाईट केलं होतं तिने?”

तिने फोन काढून एक फोटो समोर धरला. त्यात एक जाडजूड मुलगी तोंडभर हसत होती. स्क्रीनवर पडलेले थेंब त्याने अंगठ्याने पुसले.

“इथे तू जास्त हसतेयस.”

“समोर केक होता.”

“आणि आता केक नाही.”

“नाही. तोंडात पाणी सुटतं आणि बंद डब्यासारखं बसून राहावं लागतं. कधीकधी रडू येतं, खरंच. आणि सगळं करून वजन परत वाढूही शकतं. मग म्हणू नकोस, आधी बोलली नाहीस.”

“म्हणणार नाही,” तो म्हणाला. “पण तुला जे चालतं, त्यात... म्हणजे माझं... मी...” लिफ्टमधल्या अधिकाऱ्यांना धीर देणारा माणूस आता स्वतःच मध्ये अडकला होता. “मला तू आवडतेस. मी चालेन का तुला?”

बसचे दिवे कोपऱ्यावर दिसले.

“तू पचायला जड आहेस,” ती म्हणाली. “नवीन काहीही आधी अगदी थोडंसं घेऊन बघायचं, असं डॉक्टरांनी सांगितलंय. एक दिवस वाट बघायची. त्रास झाला नाही, तर पुढे.”

“म्हणजे?”

तिने टाचा उंचावल्या आणि त्याच्या भिजलेल्या गालावर ओठ टेकले. अगदी थोडंसं. मग बसमध्ये चढून खिडकीशी बसली आणि बस दिसेनाशी होईपर्यंत तो थांब्यावर तसाच उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी ती दुकान उघडायला आली, तर तो शटरला टेकून उभा होता. गणवेशात, दाढी करून, रात्रभर झोप न झालेल्या डोळ्यांनी.

“त्रास झाला?” त्याने विचारलं.

“नाही,” ती म्हणाली आणि किल्ली त्याच्या हातात दिली. “शटर वर कर. गिऱ्हाईकं यायला अजून वेळ आहे.”