ओठांतल्या टाचण्या

मधमाश्यांना घरापासून लांब ठेवणारं यंत्र घ्यायला तो विजेच्या सामानाच्या दुकानात शिरला, तेव्हा दुकानदार एका टेबलफॅनचं पोट उघडून बसला होता.

"या काका. मिक्सर परत रुसला वाटतं?"

"मिक्सर बरा आहे," तो म्हणाला. मिक्सरला चार महिन्यांत कोणी हात लावला नव्हता, हे त्याने सांगितलं नाही. "मधमाश्या झाल्यात. खिडकीत."

दुकानदाराने स्क्रूड्रायव्हर कानामागे खोचला आणि तीन वस्तू काउंटरवर मांडल्या. चौकटीला चिकटवायची जाळी. प्लगला लावली की तापून वास सोडणारी बाटली. आणि साबणाच्या वडीएवढा एक पांढरा डबा, त्यावर बारीक दिवा.

तो तिन्हींकडे आळीपाळीने बघत राहिला. जन्मभर त्याने पुस्तकं बांधली होती. कुठल्या पुस्तकाला कुठला पुठ्ठा, कुठलं कापड, हे तो हात लावून सांगायचा. पण घरातलं बाकी सगळं, पडद्याच्या रंगापासून मुलीच्या शाळेपर्यंत, बायकोने ठरवलं होतं. आता साधी चहापत्ती घ्यायची तरी त्याला दुकानात उभं राहून घाम फुटायचा.

जाळीचा उपयोग नव्हता. माश्या खिडकीच्या चौकटीवर झडपेची पेटी होती तिच्यातच होत्या, जाळीने त्या आत कोंडल्या गेल्या असत्या. बाटली त्याने नाकाजवळ नेली आणि लगेच खाली ठेवली.

"मुलगी येतेय रविवारी. तिला उग्र वास सोसत नाही."

"मग हेच न्या. याच्यातून आवाज निघतो. आपल्याला ऐकू येत नाही, पण माश्यांना नकोसं होतं. एकही मरत नाही, आपणहून जातात."

"ऐकूच येत नाही, तर चालू आहे हे कळायचं कसं?"

"हिरवा दिवा लागतो ना. गुणगुण करणारं काहीही याच्यापुढे टिकत नाही, असं कंपनीवाले म्हणतात. मी सासूबाईंवर वापरून बघितलं. काही फरक नाही पडला."

त्याला हसू आलं. हे घरी गेल्या गेल्या सांगायला हवं, असंही वाटलं. मग ते वाटणं तसंच गिळून त्याने डबा पिशवीत टाकला.

घरात दोन सुया होत्या, असं बायको म्हणायची. बाहेरच्या खोलीत तो पुस्तकांची पानं शिवायचा, आतल्या खोलीत ती कपडे. तिची मशीन खिडकीखाली होती. खिडकीवर एक लांबट लाकडी पेटी होती. खिडकीची पट्ट्यांची झडप वर ओढली की ती गुंडाळून त्या पेटीत जाऊन बसे. माश्या त्या पेटीत राहायला आल्या होत्या.

त्यांना आपणच बोलावलं, अशी त्याची खात्री होती. पुस्तकाचा दोरा मेणावरून ओढून घेतला की तो सरळ जातो, गाठी पडत नाहीत. त्यासाठी खऱ्या मधमाशीच्या मेणाची एक वडी त्याच्याकडे असे. बटणांच्या दोऱ्यासाठी तीच वडी बायको मागून न्यायची आणि कधीही परत आणून द्यायची नाही. ती गेली तेव्हा वडी तिच्या मशीनजवळ, खिडकीच्या कट्ट्यावर होती. त्याने ती तिथेच राहू दिली. तिच्या कुठल्याच वस्तूला हात लावायची त्याची हिंमत झाली नव्हती. मुलीसाठी शिवायला घेतलेला झगाही मशीनच्या सुईखाली तसाच होता, एका बाहीचा. उन्हाने वडी मऊ झाली, वास सुटला, आणि एके दिवशी माश्या आल्या. वडी उचलायला त्याला उशीर झाला होता.

एरवी त्याने त्यांना राहू दिलं असतं. एकट्या माणसाला तेवढीच सोबत. पण प्रश्न मुलीचा होता.

ती लहान असताना शाळेच्या मैदानात तिला एक माशी चावली होती. एकच. घरी आणेपर्यंत तिचे ओठ निळे पडले आणि घशातून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. पुढच्या वेळी एवढा वेळ मिळेलच असं नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. त्या दिवसापासून बायकोने घरात फुलाची कुंडी ठेवली नाही. चुकून एखादी माशी खिडकीतून आलीच, तर ती तिला कपड्याने हाकलायची नाही. ओठांत टाचण्या धरलेल्या असायच्या, तशीच उठून माशीसमोर उभी राहायची आणि तोंड मिटून गुणगुणायची. माशी थोडी घुटमळायची आणि आली तशी बाहेर जायची.

"तुझं गाणं ऐकून पळते बिचारी," तो म्हणायचा. टाचण्यांमुळे तिला उत्तर देता यायचं नाही. ती नुसते डोळे वटारायची.

माश्यांचं त्याने मुलीपासून लपवलं नव्हतं. फोनवर सांगून टाकलं होतं.

"आई असती तर एक माशी घरात येऊ दिली नसती."

"आत येत नाहीत गं. पेटीतून बाहेर, बाहेरून पेटीत. कट्ट्याच्या अलीकडे आजवर एक आलेली नाही."

"माश्यांना काय कट्टा कळतो, बाबा?"

खिडकी दिवसभर उघडी असे, हे खरं होतं. माश्या कट्ट्यापर्यंत येत आणि तिथून वळत, हेही खरं होतं.

"तू पुढच्या महिन्यात ये. तोवर मी माणूस बोलावून पोळं काढून घेतो."

"मला आईच्या खोलीत झोपायचंय," मुलगी म्हणाली. "चार महिने मी रोज ठरवते आणि रोज बॅग परत ठेवते. आता नाही आले ना, तर मग कधीच जमणार नाही मला. तुमचं तोंड बघायलाही नाही."

"ये," तो म्हणाला. "मी करतो काहीतरी."

गुणगुणीबद्दल मात्र तो तिला काही बोलला नाही. त्यात सांगण्यासारखं काही आहे, असं त्याला तेव्हा वाटलं नव्हतं. पोळं म्हटलं की आवाज असणारच. दुपारी ऊन खिडकीवर आलं की आवाज सुरू होई. एका पट्टीतला, मिटल्या तोंडाचा. तो बाहेरच्या खोलीत बसून ऐके. काही दिवसांनी त्याच्या ध्यानात आलं, की आवाज सलग नाही. एका ठिकाणापर्यंत जातो, थांबतो, आणि पहिल्यापासून सुरू होतो. वारा असेल. माश्यांची पाळी बदलत असेल. त्याने अशी दोन-तीन कारणं शोधून ठेवली.

मग जिन्यात वरच्या मजल्यावरची नर्स भेटली.

"काका, बरं केलंत हं शिवायला कोणी ठेवलंत ते."

"कोणाला?"

"दुपारी आवाज येतो ना. मी रात्रपाळी करून झोपलेली असते. पण छान वाटतं. काकू गुणगुणायच्या ना टाचण्या धरून, तस्संच करते ती बाई."

"माश्या आहेत त्या."

नर्सने त्याच्याकडे रोग्याकडे बघावं तसं बघितलं. "जेवता ना वेळेवर?" ती म्हणाली आणि किल्ल्या वाजवत वर गेली.

शनिवारी दुपारी त्याने पांढरा डबा मशीनशेजारच्या प्लगला लावला. गुणगुण चालू होती. बटण दाबायच्या आधी तो उगाचच म्हणाला, "पोरीसाठी करतोय."

हिरवा दिवा लागला.

गुणगुण थांबली. नेहमीच्या ठिकाणी नाही, अधेमधेच. बोलत असलेल्या माणसाला कोणीतरी गप्प बस म्हणावं, तशी.

पेटीतून एकेक माशी बाहेर पडली, खिडकीसमोर फिरली आणि दिसेनाशी झाली. यंत्राने काम केलं होतं. त्याने खोली झाडली, चादर बदलली. घर इतकं शांत झालं होतं की बाहेरच्या खोलीतल्या घड्याळाचा आवाज त्याला इथे ऐकू येत होता. बायको गेली त्या दिवशीही घर इतकं शांत नव्हतं. पलंगाच्या कडेवर बसून तो रडला. चार महिन्यांत पहिल्यांदाच.

संध्याकाळी पडद्याच्या आतल्या बाजूला एक माशी दिसली. कट्ट्याच्या अलीकडे. वाट चुकलेली असेल. त्याने तिच्यावर पेला पालथा घातला, खाली कागद सरकवला आणि तिला बाहेर सोडलं.

रविवारी मुलगी आली. वाळली होती. दारातच त्याच्या खांद्यावर डोकं टेकून उभी राहिली. मग तिने नाक पुसलं आणि त्याच्या शर्टाकडे बघितलं.

"बटण कुठाय?"

"पडलं."

"घरात दोन सुया आणि बाबांच्या शर्टाला बटण नाही," ती म्हणाली. हसता हसता तिचा चेहरा वेडावाकडा झाला.

जेवण झाल्यावर तिने आईच्या खोलीची झडप वर ओढून बघितली, पेटीला कान लावला, हिरवा दिवा बघितला. "शहाणे झालात की," ती म्हणाली आणि आडवी झाली. प्रवासाने दमलेली होती. लहानपणीसारखी भिंतीकडे तोंड करून लगेच झोपली.

तो बाहेर येऊन शर्टाला बटण लावत बसला. दोरा मेणावरून ओढला. हाताला मेणाचा वास आला. कट्ट्यावरून उचललेली वडी त्याच्या मांडीवरच होती, तरी वास आतल्या खोलीतून येतोय असं वाटलं. तो उठून दाराशी गेला.

माश्या आत आल्या होत्या.

भिंतीवर होत्या. चादरीवर होत्या. उशीवर, केसांच्या कडेला, एक तिच्या मानेवर. शेकड्यांनी, आणि एकीचाही आवाज नव्हता. पेटीच्या फटीतून आणखी उतरत होत्या.

हाक मारली असती तर ती दचकून उठली असती. माशी चावली की लगेच घ्यायचं इंजेक्शन तिच्या पर्समध्ये होतं. पर्स पलंगाच्या पलीकडे होती. वरच्या नर्सची नेमकी त्या दिवशी दिवसपाळी होती.

तो भिंतीला धरून मशीनपर्यंत गेला आणि डब्याचा प्लग ओढला. दिवा विझला.

काही झालं नाही.

"ये ना," तो ओठांतल्या ओठांत म्हणाला. "चुकलं माझं. ये."

काही झालं नाही. मानेवरची माशी कानाकडे सरकली.

तेव्हा त्याला कळलं, की पेटीत माश्या होत्या आणि गुणगुण होती, आणि ही दोन्ही एक आहेत असं आपण धरून चाललो होतो. माश्यांना कट्ट्यावर अडवत होती ती गुणगुण, आणि डब्याने तीच घालवली होती.

मशीनवर पिनकुशन होतं. त्यात दोनच टाचण्या होत्या. बाकीच्या त्या अर्धवट शिवलेल्या झग्याला लावलेल्या. त्याने त्या दोन्ही काढल्या आणि ओठांत धरल्या. का, ते त्याला सांगता आलं नसतं. बायकोचं तोंड तसंच मिटलेलं असे.

तो गुणगुणू लागला.

आवाज फाटका होता. सूर कधीच त्याच्या गळ्यात नव्हता. पण भिंतीपलीकडे बसून जन्मभर ऐकलेलं होतं, ते येत गेलं. भिंतीवरच्या माश्या हलायच्या थांबल्या.

मग नेहमी थांबायची ती जागा आली.

इथे बायको टाचणी ओठातून काढायची, कापडाला लावायची आणि मशीन चालू करायची. पुढचं सगळं मशीनच्या आवाजात बुडून जायचं. पुढचं त्याने कधी ऐकलंच नव्हतं.

तो थांबला. एक माशी उडाली. मुलीने झोपेत मान हलवली.

आणि त्याच्या पाठीमागून, मशीनच्या बाजूने, पुढचं सुरू झालं.

त्याने वळून बघितलं नाही. वळलं तर थांबेल, अशी भीती वाटली. इतकी वर्षं राहून गेलेलं ते त्याने डोळे मिटून ऐकलं. मधेच ते खाली उतरत होतं, आणि शेवटी इतकं हळू होत होतं की ते मूल झोपवायचंच गाणं असावं.

डोळे उघडले तेव्हा चादर रिकामी होती. शेवटच्या चार-दोन माश्या कट्टा ओलांडून उन्हात गेल्या.

मुलगी कुशीवर वळली होती. डोळे अर्धवट उघडे.

"बाबा," ती झोपेतच म्हणाली, "शेवटचं कसं येतं तुम्हाला? ते आई फक्त मला झोपवताना म्हणायची."

ओठांत टाचण्या होत्या. त्याला उत्तर देता आलं नाही. मुलीने पुन्हा डोळे मिटले. श्वास संथ होता, ओठ लाल होते.

त्याने टाचण्या काढून तळहातावर घेतल्या. दोन. पिनकुशनमध्ये खोचायला तो वाकला.

तिथे मधोमध एक टाचणी आधीच खोचलेली होती.

त्याने तिला बोट लावलं. ती ओली होती, आणि अजून कोमट होती.